टक्स

तीन मंडया ओळीने शेवटून पहिला आलेला
माझा दीर डुलीचंद
शिडाची गुंडाळी काखेत मारून आला,
मशीनवर टाकली. "वयनी, पाय बरं वो,
याले काय झालं?"

काहीच झालं नव्हतं, तेच झालं होतं.
फ्लेक्सचा तुकडा तिरपा कापलेला,
मागल्या निवडणुकीचं अर्धं हसू त्यावर अजून,
आणि पाटासारखा सपाट.

मी कटोरी ब्लाऊज उलटा करून दाखवला.
तो लाजून चाकाकडे बघत राहिला.
म्हटलं, कापड सपाटच जन्मतं रे,
पोट त्याला शिवणीनं येतं.

पॅराशूट कापडाचे पाच पट्टे.
प्रत्येकाची कड खडूने जराशी धनुकली काढली,
पुढे दीड बोट, मागे जाता जाता शून्य.

पहिल्यांदा फार झालं. सातव्या महिन्यासारखं.
वारा आत शिरला आणि तिथंच जेवायला बसला.
उसवलं.
मग पोट मधोमध पडलं.
बाजूला सागाची फळी लटकवूनही
होडी वाऱ्याकडे तोंड करेना,
रुसलेल्या गोऱ्ह्यासारखी पारीकडेच सरके.
उसवलं.
मग पुढे घेतलं, काठीच्या जवळ, पहिल्या तिसऱ्या हिश्शात,
आणि मागली कड सरळ,
अंगावर नीट बसलेल्या ब्लाऊजच्या पाठीसारखी.

काठीतलं मला कळत नव्हतं.
ते बुरडाच्या फुलवंताला कळलं.
तिने पेरांवरून अंगठा फिरवला, बांबू कानाशी धरून वाजवला,
"बुडाले हात लावू नोको. शेंडा सोल."
शेंडा बारीक झाला, तसा जोराच्या झोतात
काठी वाकून कापड ताणू लागली,
पोट आपोआप आत.
गळ्यातला टेप कमरेला लावला की
बायका श्वास ओढून घेतात ना,
तसं.

उजवा दोर डाव्याहून वीतभर सैल होता.
तीन वर्षं कुणी मोजलाच नव्हता.

शिडाच्या दोन्ही अंगांना लाल लोकरीचे धागे चिकटवले,
पोरीच्या कानटोपीतून उसवून.
आतला फडफडला तर दोर ओढ,
बाहेरचा फडफडला तर सोड,
दोघं मागे सरळ झोपले
की तोंड बंद ठेव आणि जा.

मंडईच्या दिवशी वारा थंड, तलावाच्या अंगावर काटा.
ऐनाच्या खुंटाला वळसा घालून परत.
डुलीचंद दुसरा.
खुंटापर्यंत मीच पुढे होतो, हे त्यानं
रात्री दंडार सुरू होईपर्यंत नऊ जणांना सांगितलं.
पहिला सुकराम. त्याच्या ताडपत्रीला भोकं आहेत.
त्याला पाणी पाठ आहे, ते मला शिवता येत नाही.

काठी आता अंगणात आडवी बांधलीय, साड्या वाळत घालायला.
वाक तसाच राहिलाय,
ओली साडी सरकत सरकत तिथंच जमते.

आठ दिवसांनी सुकराम दारात,
काखेत ताडपत्री.
विचारलं, नवीन शिवू का हीच नीट करू?
त्याने चपला काढल्या, आत आला, खाली बसला.
"भोकं राहू दे वो बाई," म्हणाला,
"त्यायची मले सवय हाय.
पोट तेवढं दे."