टक्का वाच

वाळपईच्या बाजारात आमचं औषधांचं दुकान,
सात फूट रुंद. त्यात आता पेप्टाइडं, रेटिनॉल,
नायसिनमाइड, बाकुचिओल.
हे शेवटचं म्हणजे आपली बावची.
सासरे तिची पुडी बांधून द्यायचे, आठ आण्यांना.
परदेशी जाऊन आली,
आता काचेच्या बाटलीत राहते, ड्रॉपरसकट,
अकराशे नव्वद.

सत्यवती गावस साडेपाचला येते,
काजूच्या कारखान्यातून सुटून.
हात पदराखाली.
"ते सुरकुत्यांचं दे गो. टीव्हीवरचं.
पण परवडणारं."

मी तिला सांगितलं, जे कुठलाच कंपनीवाला सांगत नाही :
खोक्यावरची बाई बघू नकोस, टक्का वाच.
पाच टक्के म्हणजे पाच टक्के,
सोनेरी झाकणाखाली असोत
नाहीतर दीडशेच्या चेपलेल्या ट्यूबेत.
रेटिनॉल रात्री, वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोनदा.
त्याहून जोरकस हवं तर डॉक्टरची चिठ्ठी आण.
आणि सगळ्यात कंटाळवाणं औषध : उन्हाचं मलम, रोज.

मग उगाच बोलून गेले,
"पणजीत पील करतात. आम्ल लावून
वरची कातडी उतरवतात. एका वेळचे चार हजार."

ती हसली.
पदराखालचे हात काढून काचेवर ठेवले.
काजूच्या सालीतलं तेल बिब्ब्यासारखं उततं;
बोटांची टोकं काळी, मधेमधे
नव्या कातडीची गुलाबी बेटं.
"आमचं एकवीस वर्षं चालू आहे," म्हणाली,
"आणि वर पगार देतात."

मी उन्हाचं मलम पुढे सरकवलं, तोंडासाठी.
"तोंड कोण बघतं?
सकाळी एकदा, केस विंचरताना.
हात दिवसभर समोर असतात."

यावर कॉलेजात धडा नव्हता.
साधी पेट्रोलियम जेली दिली, साठ रुपयांची,
रात्री घालायला सुती मोजे,
आणि कारखान्यात रबरी मागून घे म्हटलं.
"मागितले," ती म्हणाली. "फाटलेले मिळाले."
पैसे पाचाच्या नाण्यांत मोजले.
गल्ल्याला दुसऱ्या दिवशीही
भाजक्या सालीचा वास होता.

त्या रात्री शटर अर्ध्यावर ओढून
मी माझी बाटली काढली,
सेल्समनने नमुना म्हणून दिलेली.
बावचीचा वास शोधला. नव्हता.
दोन थेंब घेतले
हाताच्या पाठीवर,
आणि बराच वेळ
दुसरा हात नुसता त्यावर ठेवून बसले.