अंदाजे वेग

वारा मोजायची यंत्रं वाऱ्यासोबतच जातात,
म्हणून आम्ही मोडलेलं मोजतो.
काय मोडलं, कसं मोडलं,
त्यावरून जोर किती होता ते ठरवायचं.
वळ पाहून छडीची जाडी सांगावी, तसं काहीसं.

नेब्रास्का. डॅनिश लोकांची जुनी वस्ती.
काल संध्याकाळी सहा सतराला भोवरा नदीपलीकडे उतरला,
अकरा मिनिटं जमिनीवर होता.

विजेचे सात खांब, सातही ईशान्येला आडवे. लिहिलं.
मक्याची पत्र्याची कोठी, पिळून टाकलेल्या फडक्यासारखी,
मालकाच्या कुंपणापासून दोन शेतं लांब. लिहिलं.
पाणी फिरवणारा चाकांवरचा लांबलचक सांगाडा
उताणा पडलेला, एक चाक अजून हळूहळू फिरतंय. लिहिलं.

मग मैलभर नुसतं नांगरलेलं रान.
तिथे मोडायला काहीच नव्हतं.
भोवरा तिथूनच गेला, सगळ्यांनी पाहिला,
पण कागदाला साक्षीदार चालत नाहीत, पुरावा लागतो.
त्या मैलापुढे लिहायचं : अज्ञात.

आर्डिथ केलगार्ड, वय एक्याऐंशी,
तळघराच्या वरच्या पायरीवर बसली होती.
त्या पायऱ्या काल स्वयंपाकघरात निघायच्या,
आज थेट आभाळात निघत होत्या.
मांडीवर मांजर, मांजराच्या कानात गवत.

मी गुडघे टेकून पायाची कड तपासली.
इमेट नवा आहे, त्याला हळू बोलणं जमत नाही.
"बोल्ट नाहीत," तो टेप गुंडाळत म्हणाला, "नुसते खिळे."

"किती होता?" तिनं विचारलं.
दोन, मी म्हणालो.
"कितीपैकी?"
पाच.
तिनं जिथे घर होतं तिथे पाहिलं.
मग माझ्याकडे.

मी समजावून सांगितलं, नेहमी सांगतो तसं :
घर पायाला जखडलेलं असतं तर गोष्ट वेगळी.
खिळ्यांवरचं घर कमी वाऱ्यातही सरकतं,
म्हणून वाऱ्याला कमी धरावं लागतं.
बोलून झाल्यावर कळलं
मी वाऱ्याबद्दल बोलत नव्हतो.

"हार्लननं बांधलं," ती म्हणाली.
"एकाहत्तरच्या हिवाळ्यात. खिळे ओठांत धरायचा,
लोखंड कातडीला चिकटायचं, जेवताना ओठातून रक्त.
नवे विकत आणायला पैसे कुठे होते,
बापाच्या पडक्या कोठारातून उपटायचा,
दगडावर ठोकून सरळ करायचा. मी डबा धरायचे."

जरा थांबून :
"वादळं काय पहिल्यांदा आली? पन्नासवर वर्षं उभं होतं.
हे लिहायला जागा आहे तुझ्या कागदावर?"

नव्हती.

कुरणात माणसं आली होती,
चर्चमधली, शाळेतली, शेजारच्या गावची,
हाताच्या अंतरावर एक ओळ धरून
माना खाली घालून चालत होती.
गवतातले खिळे वेचत होती.
गुरं चरताना गिळतात, आणि महिन्याभरानं
धडधाकट गाय का झुरते ते कळत नाही.
बादल्यांत खणखण पडत होतं आर्डिथचं घर.

एका मुलीनं बादली तिच्या पायाशी ठेवली.
तिनं हात घातला, चाळवलं, एक बाहेर काढला.
"हा त्याचा."
मला सगळे सारखेच दिसत होते.
मग तिनं तो उन्हात आडवा धरला :
मधोमध एक बारीकशी लवण,
कधीकाळी वाकलेला, ठोकून सरळ केलेला,
पण पूर्ण नाही. पूर्ण सरळ होत नसतो कधी.

तिनं मांजराला खाली ठेवलं,
एप्रनला हात पुसले,
आणि मोडक्या फळ्यांच्या ढिगाकडे निघाली.
लांबच्या बरोबर लांब, आखूडच्या बरोबर आखूड
रचायला लागली.

इमेटनं गाडी सुरू केली.
मी खिडकीतून काहीतरी म्हणालो,
सांभाळा, किंवा येतो आम्ही, असलंच काहीतरी.
तिनं नुसता हात वर केला.
बोलता येणार नव्हतं,
ओठांत खिळा होता.