काचेचं एक धरून

अजानमध्येच सांगतात आता, नमाज घरी पढा.
त्या ओळीवर बांग देणाऱ्याचा आवाज
दर वेळी किंचित बसतो.

हुमेरानं सहालाच नवा फ्रॉक घातला
आणि सवयीनं दारापाशी जाऊन उभी राहिली.
मग आपली आपणच परत आली,
सँडल घालूनच सोफ्यावर चढली.
मी ओरडले नाही.

शिरखुर्म्यात चारोळी नाही.
खालच्या बकाल्यातला कासरगोडचा पोरगा म्हणाला,
चेची, काजू डबल टाका, कोण बघतंय.
खरंच कोण बघतंय.
एक वाटी वर ब्लेसीच्या दाराशी ठेवली,
बेल वाजवून तीन पायऱ्या खाली आले.
बाहेर तिचे ड्युटीचे बूट, ब्लीचचा वास.
दार किलकिलं झालं, हात आला, वाटी आत गेली.
आतून ईद मुबारक म्हणाली
आणि खोकली.
दोघी गप्प.
"मिरची," ती म्हणाली, "फोडणीला टाकली होती."

सगळ्या नातेवाइकांत अशफाक जवळ,
चार मैलांवर.
फुजैराच्या समुद्रात नांगर टाकून जहाजं उभी आहेत,
बंद दुकानापुढे रांग असावी तशी.
मार्चमध्ये उतरणार होता. मे संपत आला.
रात्री बाल्कनीतून दिवे दिसतात.
डावीकडून तिसरा मी, तो सांगतो.
हुमेरा बोटानं मोजते, तिसऱ्याला हात हलवते.
जहाजं येतात, तेल घेतात, सरकतात,
तिसरा दिवा रोज वेगळा असतो.
हे तिला अजून सांगितलेलं नाही.

दुपारभर बोटिम वाजत राहिलं.
केपटाऊनहून लियाकतभाई : ऐकू येतंय का,
येतंय, तुम्हाला येतंय का, येतंय,
आणि मग दोघांकडेही सांगायला काही नाही.
मुंब्र्याची नणंद सलामाआधीच रडली,
रडून झाल्यावर विचारलं, काय केलंस जेवायला.

हर्णैला चंद्र एक दिवस उशिरा.
आमची ईद शिळी झाली तेव्हा सोमवारी त्यांची ताजी.
अम्मा व्हिडिओ असला तरी फोन कानाला लावतात.
म्हणून आधी कान दिसला, कानातली बुगडी,
मग त्यांनी फोन खाटेवर उताणा ठेवला
आणि शेवया ढवळायला गेल्या.
अठरा मिनिटं आम्ही छप्पर बघत होतो.
कौलं, वासे, मधलं एक काचेचं कौल,
त्यातून पडलेला उन्हाचा तिरका पट्टा, त्यात धूळ.
आवाज सगळे खालून :
कढईत पळी, अंगणात कोणीतरी,
"लांबूनच गो, लांबूनच," आणि हसणं.
"दिसतंय का गो सगळं?"
दिसतंय, अम्मा.
"अशफाक आला का घरी?"
इथंच आहे, म्हटलं. समोरच आहे.
हुमेरानं कंटाळून बटणं दाबली,
फोनमध्ये छपराचा फोटो राहून गेला.

नऊ दिवसांनी वादळ हर्णैवर आलं.
वारा किती नॉट, वळतंय कुठे,
अशफाक जहाजावरून सांगत राहिला
दुसऱ्याच कुणाच्या बंदराबद्दल सांगावं तसं.
मग तोही थांबला.
पाच दिवस फोन लागला नाही.
सहाव्या दिवशी लागला : आधी कान,
मग खाट, मग वर
निळी ताडपत्री, फुगत, बसत, फुगत,
कडेला आभाळाची चिंधी.
हुमेरा म्हणाली, दादी, तुझ्याकडे पण समुद्र?
"दिसतंय का गो सगळं?"
दिसतंय, अम्मा.

तो फोटो अशफाकला पाठवला नाही.
उतरल्यावर दाखवीन.
रात्री दिवे मोजून हुमेरा झोपते,
मग मी फोन उघडून कौलं मोजते.
चौकटीत मावलेली एक्केचाळीस,
काचेचं एक धरून.