प्रॉम्प्टरची जागा

पोरगी नागपुरातून फोनवर सांगते,
आधी हब ठरवा बाबा, मग बाकीचं.
मी पाठकोऱ्या हँडबिलावर लिहून घेतो:
झिगबी. वायफाय. मॅटर.
"हे मॅटर काय आहे?"
"मॅटरच आहे," ती म्हणते. दोघंही हसतो,
कळलेलं मात्र एकालाच असतं.

हँडबिलाच्या पुढच्या अंगाला गेल्या मंडईचं नाटक,
रात्री ठीक साडेदहाला, जे बाराला सुरू झालं,
आणि तळाशी बारीक अक्षरात
प्रकाशयोजना म्हणून माझं नाव.

एकतीस वर्षं वडशाच्या कंपन्यांचे दिवे सांभाळले.
पहिला डिमर मातीच्या नळकांड्यातला:
मिठाचं पाणी, तांब्याच्या दोन पट्ट्या.
वरची पट्टी बुडवत न्यायची, तसतशी पहाट व्हायची
धानाच्या बांधीत ठोकलेल्या स्टेजवर,
आणि माझ्या कोपरापर्यंत झिणझिण्या.

ब्रम्हपुरीला लांजेवारच्या दुकानात
काचेखाली तीन डब्या,
तिन्ही पांढऱ्या, साबणाच्या वडीएवढ्या.
एक बोललेलं ऐकते. तिला म्हटलं,
"मांगचा लाईट लगाव वो बाई."
ती म्हणाली, मला समजलं नाही.
लांजेवार म्हणाला, शुद्ध बोला काका.
बोललो, राजाच्या पार्टाइतकं शुद्ध.
तिने गाणं लावलं.

दुसरी स्वस्त, पण तिचा मेंदू परगावी.
इथे बटण दाबलं की ती आधी तिकडे विचारते,
तिकडून हो आलं तर इथला दिवा.
आणि आमच्याकडे वारा सुटला
की सगळ्यात आधी टॉवर झोपतो.

तेव्हा मला डोमाजी आठवला.
स्टेजपुढच्या खड्ड्यात, मांडीवर वही,
दातात विझलेली बिडी.
हिरो साकोलीचा, खलनायक छत्तीसगडकडचा,
हिरोईन आदल्या दिवशी बसमधून उतरलेली;
कोणाची बोली कोणाशी जुळत नव्हती,
पण त्याची कुजबूज तिघांनाही पोचायची.
सिंदेवाहीजवळ एकदा जनरेटर मेला.
डोमाजी थांबला नाही.
अंधारात दीड प्रवेश झाला, लोकांनी ऐकला.

तिसरी डबी घेतली. अकराशे जास्त.
वही हिच्या मांडीवर आहे.

मग तिच्याशी जुळणारी पात्रं शोधणं आलं.
स्विच म्हणतो, न्यूट्रल पाहिजे.
बोर्ड उघडला तर न्यूट्रलच नाही;
अठ्ठ्याण्णव साली ही वायर मीच ओढली होती,
बारा मीटर वाचवून.
कंपनीतून आणलेला जुना बल्ब फडफडतो, तो बाद.
सेन्सर असा हवा की कोंबडीला माणूस म्हणू नये.
लांजेवार म्हणाला, असा नसतो.
मग मी तो कंबरेच्या वर ठोकला.

हे सगळं कशाला, ते घरात कोणी बोलत नाही.
मोहाच्या दिवसांत नहराकडे ठसे दिसले,
तेव्हापासून रात्री मागच्या दारी जाताना
कौतिका आधी लोटा वाजवते.

पहिल्या रात्री तिला दारात उभं केलं.
दिवा आठ सेकंदांत चढेल असा लावला होता,
अंधारातून अंगण हळूहळू उमटेल,
आधी चूल, मग तुऱ्हाट्यांचा ढीग, मग कुंपण.
माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली पहाट.
ती म्हणाली, "एवढा हळू काहाले?
तवरिक मी का इथंच उभी राहू?"

फोन काढला. शून्य सेकंद.
आता अंगण एकदम पांढरं होतं,
गोठ्यातली गाय डोळे मिटते.
ती लोटा तरीही वाजवते.

काल पावणेतीनला मागचा दिवा आपोआप लागला.
दोघंही जागे, दोघंही गप्प.
एका मिनिटाने विझला.
एन्ट्री कोणाची होती,
ते वहीत नव्हतं.