पाहिजेत

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं:
नाटकासाठी कलाकार पाहिजेत. सुवर्णसंधी.
मग सुवर्ण खोडलं. मग संधीही.
दोन अंकांचं हौशी नाटक, स्पर्धेत एकच प्रयोग,
तालमीला चहा.
यात सोनं कुठून आलं?

दुसऱ्यात: स्त्री, वय पन्नासच्या पुढं,
चेहरा बोलका.
झेरॉक्सवाला इरण्णा काचेवर कागद ठेवता ठेवता म्हणाला,
‘बोलका म्हंजे कसला ओ सर?
आमच्या घरात सगळ्यांचंच तोंड चालतंय.’
त्याचंही बरोबर होतं.

तिसरा मसुदा अशोक चौकात, कँटीनच्या बाकावर.
ऑक्टोबरच्या उन्हात कागदाकडं बघवत नव्हतं.
ठरवलं, विशेषणं नकोत.
विशेषण वाचलं की जो तो आरशात बघतो,
आणि ज्यांना आरशाला वेळ नसतो
त्या पिशवी सावरत पुढं निघून जातात.
मला तर त्यांच्यातलीच एक हवी होती.
म्हणून लिहिलं:

लच्चम्मा. रोज हजार विड्या वळते.
नवरा यंत्रमागावर बहिरा झालाय,
म्हणून घरात ती मोठ्यानं बोलते
आणि खरं असेल ते हळू.
तिसऱ्या प्रवेशात बारा मिनिटं
मांडीवर सूप घेऊन ती गप्प काम करते.
अनुभवाची अट नाही.
मराठीला तेलुगू वळण असेल तर फारच छान.
तालीम रात्री साडेआठ ते साडेदहा,
दत्त नगर, वाचनालयाच्या वरची खोली.
पैसे नाहीत. रिक्षाभाडं देऊ.

वीस प्रती. विडी घरकुलचा बसथांबा,
पिठाची गिरणी, कारखान्याचं फाटक,
सगळीकडं खळ लावून चिकटवल्या.
चार दिवस कुणी नाही.
बँकेतला एक पोरगा तेवढा आला,
हिरोचं काही आहे का विचारून गेला.

पाचव्या दिवशी राजम्मा वंगारी आल्या.
हातात माझाच कागद, भिंतीवरून सोललेला,
पाठीला चुन्याचा पापुद्रा.
‘ओ, हे तुमी लिवलाव का?’
हो म्हटलं.
‘चूक लिवलाव.
हजार कोण वळतंय आता? पान कुठं हाय तेवढं?
आणि बारा मिनटं गप?
बाया विड्या वळताना गप बसतात व्हय?
गप बसल्या की समजायचं, छाट निघालीय.’

छाट मला माहीत नव्हती.
त्यांनी दोन बोटांनी हवेतली एक विडी
बाजूला टाकून दाखवली.
‘मोजताना असं करतात. तिचे पैसे न्हाईत.
का टाकली, सांगत न्हाईत.’
मग कागदावर बोट ठेवलं.
‘तुमच्याकडं येतील धाजणी. घेणार एक.
राहिलेल्या नऊ?
हितं काय लिवलं न्हाई.’

‘लच्चम्मा तुम्हीच कराल का?’ मी विचारलं.
‘मला कुठला येळ,’ म्हणाल्या,
चपला घातल्या, जिन्यात थांबल्या.
‘रिक्षा कशाला. आमी चालत येतोय.’
हे आमी म्हणजे कोण
ते विचारेपर्यंत त्या रस्त्याला लागल्या होत्या.

चौथा मसुदा इरण्णाच्या काचेवर आहे.
हजारच्या जागी सातशे. गप्प खोडलंय.
सगळ्यात खाली, ठळक:
जिची निवड होणार नाही
तिलाही घरी येऊन सांगू. कारणासकट.

मशीनचा उजेड इरण्णाच्या हनुवटीवरून सरकला.
‘किती काढू?’
वीस, म्हटलं.
मग म्हटलं, एकवीस.
एक वंगारीबाईंना दाखवायची आहे,
अजून काय चुकलंय ते.