तिखट हात

नंदुरबारच्या वेशीबाहेर मिरचीच्या पथाऱ्या
मार्च सरत आला तरी लालभडक होत्या.
वारा इकडे फिरला की आमच्या मंदिरात
प्रार्थना कमी आणि ठसका जास्त.
एखादा पाहुणा असला तर त्याला वाटे,
मंडळी पापांसाठी रडते आहे.

उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री
पाळक नतनेल, माझ्याहून चाळीस वर्षांनी लहान,
म्हणाला, गुरुजी, आज वाचन तुमच्याकडे नाही.
एकतीस वर्षं तो अध्याय मीच वाचत आलो,
एकही शब्द न अडखळता,
टॉवेलापाशी किंचित थांबून.

म्हटलं, मग परात माझ्याकडे येणार.
मी बाह्यासुद्धा दुमडल्या.
वाकायला माझी ना नव्हती.
वाकलेला माणूस चारचौघांत चांगला दिसतो,
हे मला नोकरीत असल्यापासून ठाऊक.

तो म्हणाला, तुम्ही बाकावर बसा.
मोजे काढा.

डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.
टाचांना भेगा, उन्हाळी नाल्यासारख्या.
आणि परात घेऊन आली ती सेगी वळवी,
पथारीवर रोजाने देठ खुडणारी.

सेगी वळवी. चौथी, तुकडी ब.
मिरचीच्या हंगामात दोन महिने गैरहजर,
म्हणून मी लाल शाईने नाव कमी केलं.
मग एका सकाळी ती पाटी घेऊन आली
आणि मोठ्या सुट्टीपर्यंत दारातच उभी राहिली.
मी फळ्यावर सुविचार लिहीत होतो.
कोणता, ते आठवत नाही. नम्रतेचाच असेल,
आठवड्यातून दोनदा तोच असे.

तिने मान वर केली नाही.
वाटलं, विसरली असेल तर बरं.
मग वाटलं, विसरली नसेल तर बरं.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली,
"चार डाव हात धुयात, तरी तिखट जास नई."
आणि माझा पाय तिने पाण्यात घेतला.

आधी काहीच नाही.
मग भेगांतून आग वर चढली,
पोटरीपर्यंत, पोटापर्यंत,
जिथे मी इतकी वर्षं
'माझ्यासारख्याला' हा शब्द जपून ठेवला होता तिथपर्यंत.

शिमोनानेही पाय मागे घेतला होता.
वर्गात मुलांना सांगताना मला त्याचा राग यायचा,
एवढं साधं ऐकायला काय होतं माणसाला.
आता माझे गुडघे आपोआप वर येत होते
आणि मला एकच काम दिलेलं होतं:
पाय परातीत ठेवणं.
कठीण उपास केलेत मी, भर पुरात साक्रीपर्यंत
सायकलवर शुभवर्तमान नेलंय,
पण इतकं अवघड काही
कोणी मला करायला सांगितलं नव्हतं.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.
दुःखाचं नव्हे, मिरचीचं. असेल दोन्हींचं, मला काय कळतं.
हात लावता येईना म्हणून
ती खांद्याला डोळा घासत होती,
पथारीवरच्या सगळ्या बाया घासतात तसा.
मी खिशातला रुमाल पुढे केला.
तिने तो घेतला
आणि माझेच पाय पुसले त्याने.

मंडळी गात होती. मला सूर सापडला नाही.
शेवटी "सेगी, त्या वर्षी..." एवढं म्हणालो मी.
"बठा आते," ती म्हणाली, "पाय ओला शेतस."
आणि परात उचलून पाळकाच्या आईकडे गेली.

रात्री बायकोने तूप आणून दिलं.
मी लावलं. संत नाही मी.
शुक्रवार उजाडला की ती पथारीवर जाणार होती,
ठेकेदाराला सगळे शुक्रवार सारखेच.
आग थोडी उतरली तेव्हा अंधारात
माझ्या तोंडून मोठ्याने गेलं:
हजर.

"कोणाला हो?" बायको झोपेत म्हणाली.
मी पाय पांघरुणाबाहेर काढून
वाऱ्यावर ठेवले.