हे तिकडचं आहे

रुवीतल्या आमच्या दोन खोल्यांत
एकोणीस वर्षं एक वाक्य बिनभाड्याचं राहत होतं:
हात लावू नको, ते तिकडचं आहे.

पलंगाखाली तिकडचं,
कपाटावर छताला टेकेपर्यंत तिकडचं,
बाल्कनीचं दार तर उघडतच नव्हतं तिकडच्यामुळे.
टीव्ही गेला तरी त्याचं खोकं जपलेलं,
आतल्या थर्माकोलसकट.
सेलमधले काचेचे पेले, सहा-सहाचे चार संच,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
आणि त्या कागदांवर उजवीकडून डावीकडे
न वाचलेली एकोणीस वर्षं.

आम्ही चहा प्यायचो कान तुटलेल्या कपांतून.
इकडचं काय, चालून जातं.

मग एकदा शर्वाणीनं विचारलं,
तिकडे म्हणजे नक्की कुठे?
देवरुख, मी म्हटलं.
पण ती खोली तर काकांनी भाड्यानं दिलीये ना?

मी पोळ्या करत होते.
एक करपली.

शुक्रवारी काढायला घेतलं.
हेरंब दारात, हातात बॅगा तोलायचा काटा, सवयीनं.
वजन करायचंच नाहीये, म्हटलं,
तर काटा कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

दिराच्या लग्नाचा सूटपीस निघाला.
लग्न झालं, मोडलं, दुसरं सुखात चाललंय.
भाचीचे बूट, तळव्याएवढे,
भाची आता गाडी चालवते.
वाघाच्या चित्राची चार ब्लँकेटं.
देवरुखात एवढी थंडी
कुणाला वाजणार होती, देव जाणे.

ती नातूर कमालला दिली.
त्यानं खांद्यावर वाघ घेतले
आणि हळूच विचारलं,
मॅडम, फायनल एक्झिट?
संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या शमशाद परकार आल्या,
डोळ्यांत पाणी, हातात सांदणं,
सांगितलं पण नाहीस गं, कधीची तिकिटं?

नाही हो, जात नाही,
राहायचंय म्हणून काढतेय.
त्यांना ते पटलं नाही.
माझ्याही तोंडाला ते वाक्य नवीन होतं.

सगळ्यात तळाशी कुकर.
पाच लिटरचा, आईसाठी घेतलेला, टेपसुद्धा न काढलेला.
दर सुट्टीला बॅग तीस किलो चारशे भरायची
आणि दर वेळी तोच बाहेर निघायचा.
पुढच्या खेपेला नक्की, मी फोनवर म्हणायचे.
घाई नाही, आई म्हणायची,
माझा आहे तो चालतोय अजून.
वॉरंटी संपली.
त्याच्या चौदा महिने आधी आई.

हेरंबनं काटा माझ्याकडून पाठीमागे लपवला.
टेप मी दातांनी तोडली.

तूरडाळ, हळद, हिंग, दोन वाट्या पाणी.
नवी शिट्टी आधी नुसती सुस्कारली,
मग बिचकत बिचकत वाजली.
खोकी होती तिथे शर्वाणी
फरशीवर हातपाय पसरून पडली होती,
कुठेच काही लागत नव्हतं तिला.
बाल्कनीचं दार सताड.
बाहेर उघडाबोडका तपकिरी डोंगर,
हा एवढा जवळ होता? हेरंब म्हणाला.

आई, किती झाल्या?
मी मोजायचं विसरले होते.

डाळ जास्त शिजली.
नव्या पेल्यांतून पाणी घेत
जेवलो.